बँड वाईट वाजला, की वाईट ऐकू आला?

प्रश्न सांगलीतील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचा आहे. त्याने पैसे साठवून मुंबईत एका मैदानावर नामांकित परदेशी मेटल बँडचा (मेटल म्हणजे रॉकचा एक जोरकस प्रकार) कार्यक्रम ऐकला. गिटारचा नुसता गुरगुराट येत होता, गायकाचा एक शब्द कळत नव्हता आणि ड्रम छातीवर आदळत असले तरी ठेका हाती लागत नव्हता. पुढे महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात त्याच्या मित्रांचा बँड एका मंगल कार्यालयात वाजला आणि तो अनुभव त्याहून वाईट ठरला. हे बँड रेकॉर्डिंगमध्ये आपल्याला फसवतात का, प्रत्यक्षात त्यांना वाजवता येत नाही का, आणि पुन्हा तिकिटावर पैसे घालावेत का, असे त्याने विचारले आहे.

सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात नाट्यसंगीतापासून महाविद्यालयीन रॉक बँडपर्यंत सर्व प्रकारच्या कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था सांभाळणारा माणूस म्हणून माझे उत्तर असे आहे की, मंचावरचा बँड जे ऐकत असतो ते तुम्ही ऐकत नसता आणि तुम्ही जे ऐकता ते बँडला बहुतेक वेळा ठाऊकही नसते. निराशेची बरीचशी कारणे या दोन ऐकण्यांमधल्या अंतरात दडलेली असतात. बँडचा दोष त्यानंतर येतो. तो येतो हे मात्र खरे, आणि त्याबद्दलही मी लिहिणार आहे.

आधी मंगल कार्यालयाकडे पाहू, कारण आपल्या भागातले बहुतेक बँड अशाच ठिकाणी वाजतात. खाली गुळगुळीत फरशी, चारही बाजूंना रंगवलेल्या सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब किंवा पत्रा. अशा रिकाम्या सभागृहात टाळी वाजवली तर तिचा नाद विरायला अडीच-तीन सेकंद सहज लागतात. ध्वनिक्षेपकांवरून होणाऱ्या जोरकस संगीताला हा काळ एका सेकंदाच्या आसपास हवा, आणि तोही विशेषतः खालच्या स्वरांसाठी. आता मेटलचा हिशेब मांडा. मिनिटाला 200 मात्रांची लय असेल आणि ड्रमवादक दोन्ही पायांनी एका मात्रेत चार ठोके देत असेल, तर सेकंदाला साधारण 13 ठोके पडतात आणि दोन ठोक्यांमध्ये फक्त 75 मिलिसेकंदांची फट उरते. तीन सेकंद नाद टिकणाऱ्या खोलीत पहिला ठोका पूर्ण विरण्याआधी त्याच्या अंगावर आणखी चाळीसएक ठोके येऊन पडलेले असतात. ड्रमवादक घड्याळासारखा अचूक वाजवत असला तरी तुमच्यापर्यंत एक अखंड घरघरच पोहोचणार. त्याच सभागृहात भावगीताचा कार्यक्रम गोड वाटतो, कारण तिथे स्वरांमध्ये मोकळी जागा असते आणि तो नाद गायकाला उलट आधारच देतो.

नाटकांसाठी बांधलेली नाट्यगृहे या बाबतीत बरी असतात. सांगलीचे विष्णुदास भावे नाट्यमंदिर, मिरजेचे बालगंधर्व नाट्यगृह किंवा साताऱ्याचे शाहू कलामंदिर यांसारख्या जागांचे मूळ प्रयोजनच शेवटच्या रांगेपर्यंत संवाद स्पष्ट पोहोचावा हे आहे. खुर्च्या, पडदे आणि विंगा मिळून बराच नाद शोषतात. तरीही महाविद्यालये रॉकचा कार्यक्रम मंगल कार्यालयात का ठेवतात, याचे कारण भाडे आणि जेवणाची सोय हेच असते, आणि त्यावर माझ्यापाशी उपाय नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची खास आहे. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे ज्याला सगळे ‘डॉल्बी’ म्हणतात, ती यंत्रणा मिरवणुकीसाठी उभी राहिलेली आहे. तयार रेकॉर्डिंग लावायचे, खालचा दणका रस्ताभर पोहोचवायचा, एवढेच तिचे काम. तिथे बेसचे खोके रचून ठेवलेले असतात, वर कर्कश टॉप, म्हणजे वरच्या स्वरांचे स्पीकर, असतात आणि मधला पट्टा, म्हणजे साधारण 400 ते 2000 हर्ट्झचा भाग, जिथे माणसाचा आवाज आणि गिटारचा ओळखू येणारा गाभा असतो, तो दबलेला असतो. स्नेहसंमेलनासाठी आयोजक तीच यंत्रणा भाड्याने आणतात, कारण ती ओळखीची आणि मोठ्या आवाजाची असते. तिच्यासोबत बहुधा लहान मिक्सर, म्हणजे सगळे माइक जोडून आवाज जुळवायचे यंत्र, येतो. पाच जणांच्या मेटल बँडला मात्र ड्रमसाठीच सात-आठ माइक, बेस, दोन गिटार, दोन-तीन गळे असे धरून मिक्सरवर बारा ते चौदा चॅनेल, म्हणजे स्वतंत्र जोडण्या, लागतात. मग ड्रमवर दोनच माइक लावले जातात, मंचावरचे मॉनिटर, म्हणजे वादकांना स्वतःचे ऐकू यावे म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर, ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातात आणि गायक दोन तास स्वतःचा आवाज न ऐकता गातो. ज्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही तो जोर लावतो, जोर लावला की सूर वर चढतो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत घसा बसतो. खाली बसलेले लोक म्हणतात, पोराला गाता येत नाही.

मॉनिटर हा विषय क्षुल्लक वाटतो म्हणून त्यावर थोडे थांबतो, कारण इतिहासातली काही गाजलेली अपयशे नेमकी तिथेच घडली आहेत. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स सुमारे 55,600 लोकांसमोर वाजले तेव्हा मंचावर मॉनिटर नव्हतेच. गिटारसाठी 100 वॉटचे अॅम्प्लिफायर होते, गळे स्टेडियमच्या घोषणेच्या कर्ण्यांमधून जात होते आणि प्रेक्षकांच्या किंकाळ्यांपुढे हे सगळे अपुरे होते. मागे ड्रम वाजवणाऱ्या रिंगो स्टारला पुढच्या तिघांच्या हालचाली बघून ठेका सांभाळावा लागत असे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1966 मध्ये, त्यांनी दौरे कायमचे थांबवले. त्यामागे इतरही कारणे होती, पण आपण काय वाजवतो हे आपल्यालाच ऐकू येत नाही, हे त्यांतले एक मोठे कारण होते.

8 ऑगस्ट 1992 च्या माँट्रियल येथील कार्यक्रमाचे उदाहरण तर दोन्ही बाजू दाखवते. मेटॅलिका या मेटल बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड मंचावरच्या आतषबाजीत भाजला आणि त्यांचे सादरीकरण अर्ध्यात थांबले. त्यानंतर त्याच कार्यक्रमातला दुसरा बँड, गन्स एन’ रोझेस, बराच उशिरा मंचावर आला, मॉनिटर नीट जुळवायला वेळ उरला नव्हता, वादकांना एकमेकांचे ऐकू येत नव्हते आणि त्यांचा गायक अॅक्सल रोझ याने घशाचे कारण देऊन कार्यक्रम लवकर आटोपता घेतला. पुढे दंगल झाली. ऐकू न येणे ही अडचण खरी होती. परंतु जखमी बँडच्या जागी प्रेक्षकांना सावरायची जबाबदारी अंगावर असताना उशीर करणे आणि मग निघून जाणे, याचे समर्थन कोणताही ध्वनितंत्रज्ञ करणार नाही; निदान मी करत नाही.

आता बँडच्या दोषांकडे येतो. यातले बहुतेक दोष मंचावर चढण्याआधी घरीच तयार झालेले असतात. तरुण गिटारवादक खोलीत, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, बारीक आवाजात सराव करतो. मानवी कानाला बारीक आवाजात खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून तो अॅम्प्लिफायरवर बेस आणि ट्रेबल वाढवतो, मधला भाग जवळजवळ शून्यावर आणतो आणि भरपूर गेन, म्हणजे नाद फाटेपर्यंतची वाढ, देतो. एकट्याने ऐकताना तो नाद भारदस्त वाटतो. हीच मांडणी मंचावर मोठ्या आवाजात आली की कानाचा तो भेद नाहीसा होतो. वाढवलेला बेस बेस-गिटारच्या अंगावर बसतो, वाढवलेला ट्रेबल झांजांमध्ये विरघळतो आणि गिटारला स्वतःची जागा जिथे मिळाली असती तो मधला पट्टा रिकामा राहतो. त्यातून गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडल्यावर 82 हर्ट्झवर असण्याऐवजी आजच्या रिवाजाप्रमाणे आणखी खाली, 65 हर्ट्झच्या आसपास उतरवलेली असली, तर ती बेसच्या प्रदेशातच जाऊन बसते. तुम्हांला मुंबईत जो गुरगुराट ऐकू आला त्याचे एक कारण हे असणे शक्य आहे, कारण मोठे बँडही या मोहातून सुटलेले नाहीत.

साउंडचेकच्या, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवून पाहण्याच्या, वेळी मी गिटारवादकाला एकच गोष्ट करायला लावतो: अॅम्प्लिफायरसमोर गुडघ्यावर बसून कान स्पीकरच्या पातळीला आणून एकदा स्वतःचाच नाद ऐक. गिटारचा स्पीकर वरचे स्वर सरळ रेषेत, अगदी अरुंद झोतात फेकतो. अॅम्प्लिफायर जमिनीवर ठेवलेला असतो, झोत पोटऱ्यांवर पडतो आणि वादकाचा कान पाच फूट वर असतो. त्याला वरचा भाग कमी ऐकू येतो, म्हणून तो ट्रेबल वाढवत राहतो आणि तो सगळा समोरच्या रांगेच्या कानात जातो. गुडघ्यावर बसलेला मुलगा पहिल्याच तारेला दचकतो आणि मग न सांगता बटण मागे फिरवतो. त्यानंतर अॅम्प्लिफायर एखाद्या खुर्चीवर तिरका ठेवला की दोघांचेही काम सोपे होते.

गायकांचा दोष याहून सोपा आणि अधिक हट्टी आहे. मेटलमध्ये गुरगुरत गाणारे बरेच गायक माइकची जाळी मुठीत पकडतात, कारण चित्रफितींत तसे छान दिसते आणि स्वतःच्या कानाला आवाज जाड वाटतो. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा शुअर एसएम 58 किंवा त्या जातीचा कोणताही माइक समोरचे ऐकतो आणि मागचे टाळतो, ते जाळीखालच्या मागील छिद्रांमधून हवा आत येते म्हणून. ती छिद्रे मुठीने बुजवली की माइक सगळ्या दिशांनी ऐकू लागतो. मॉनिटरचा आवाज त्यात शिरतो, शिट्टी वाजते, ती दाबण्यासाठी तंत्रज्ञ गळ्याचा आवाज खाली आणतो आणि जो थोडाफार उरतो तो डब्यातून आल्यासारखा येतो. मग शब्द कळणार कुठून? शब्द कळत नाहीत हे या शैलीचे वैशिष्ट्य आहे, असे मला एका गायकाने ऐकवले होते. तसे असेल तर रेकॉर्डिंगमध्ये ते कसे कळतात, हा प्रश्न उरतोच.

रेकॉर्डिंगमधल्या ‘फसवणुकी’बद्दल तुमचा संशय अर्धाच बरोबर आहे. स्टुडिओत एकच गिटार दोनदा, कधी चारदा वाजवून डावीकडे-उजवीकडे पसरवतात, मुख्य गळ्याखाली त्याच गायकाचे आणखी थर घालतात, ड्रमचे ठोके लयीच्या जाळीवर नेमके बसवतात आणि अनेकदा त्यांच्या जागी वेगळे नमुने लावतात. हे सर्वमान्य तंत्र आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण एकाच गिटारवादकाच्या बँडमध्ये एकलवादन सुरू झाले की त्याच्याखालची साथीची गिटार मंचावरून नाहीशी होते, आणि रेकॉर्डिंगची सवय झालेल्या कानाला गाणे अचानक पोकळ वाटते. ती पोकळी भरण्यासाठी काही बँड आधी ध्वनिमुद्रित केलेले भाग संगणकावरून सोडतात. कीबोर्ड किंवा वाद्यवृंदाच्या भागांपुरते मी ते मान्य करतो. मुख्य गळा मात्र संगणकातून येत असेल, तर तिकिटाचे पैसे परत मागण्याइतके ते गंभीर आहे.

वयाचा भागही असतो आणि त्यात मी श्रोत्यांना थोडे समजूतदार व्हायला सांगेन. विशीत काळी पाचच्या उंच पट्टीत गाणारा माणूस साठीत त्याच पट्टीत गाईल, ही अपेक्षा आपण नाट्यसंगीतातल्या बुजुर्गांकडून ठेवत नाही. पट्टी उतरवली तर कोणी तक्रारही करत नाही. मेटॅलिका अनेक वर्षे मंचावर मूळ रेकॉर्डिंगपेक्षा अर्धा स्वर खाली वाजवतात. याउलट लेड झेपेलिन या रॉक बँडचे 13 जुलै 1985 चे फिलाडेल्फियातील लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमातले सादरीकरण घ्या. सराव जवळजवळ नव्हता, ढोलांवर फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्प्सन असे दोन पाहुणे होते, त्यांपैकी कॉलिन्स त्याच दिवशी लंडनमध्ये गाऊन विमानाने येऊन पोहोचला होता, गायक रॉबर्ट प्लांटचा घसा बसलेला होता, जिमी पेजची गिटार सुरात नव्हती आणि मंचावर ऐकूही नीट येत नव्हते. ते इतके बिघडले की 2004 मध्ये त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली तेव्हा बँडने आपला भाग त्यात घेऊ दिला नाही. प्लांट, पेज आणि बेसवादक जॉन पॉल जोन्स हेच तिघे, बँडचा दिवंगत ड्रमवादक जॉन बॉनमच्या मुलाला, जेसनला, ढोलांवर घेऊन 10 डिसेंबर 2007 रोजी लंडनच्या ओटू सभागृहात उभे राहिले. यावेळी आधी भरपूर सराव केला होता, काही गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली उतरवली होती, आणि तो कार्यक्रम नावाजला गेला. म्हणजे बावीस वर्षांनी वय वाढलेल्या माणसांनी तरुणपणच्या स्वतःपेक्षा चांगले वाजवले. फरक तयारीचा होता.

तयारीवरून एक विषयांतर करतो. मिरज तंबोऱ्यांचे गाव आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्याकडे गायक तंबोरे जुळवायला दहा-पंधरा मिनिटे घेतो तेव्हा श्रोते शांतपणे बसून राहतात आणि जाणकार तर ते जुळणेही ऐकतात. त्याच श्रोत्यांतला एखादा आयोजक म्हणून उभा राहिला आणि बँडने साउंडचेकसाठी दीड तास मागितला, की त्याच्या कपाळावर आठ्या पडतात; ‘चेक, वन, टू’ झाले की झाले, असे त्याला वाटते.

आता तुमच्या मुंबईच्या अनुभवाबद्दल. मैदानावर भिंतींचा प्रश्न नसतो, पण अंतराचा असतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे मंचापासून 60 मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला पडद्यावर काठी पडताना दिसते आणि ठोका सुमारे 175 मिलिसेकंदांनी ऐकू येतो. लय ‘सैल’ वाटण्याला एवढे पुरते. वारा सुटला की वरचे स्वर इकडेतिकडे भरकटतात आणि गिटार लाटेसारखी जवळ-दूर होते. तिसरी अडचण बेसच्या खोक्यांची. ते मंचाच्या डाव्या-उजव्या टोकांना ठेवलेले असतील तर 60 हर्ट्झच्या स्वराची लांबी पावणेसहा मीटरच्या आसपास असल्यामुळे, ज्या जागी एका बाजूचे अंतर दुसऱ्यापेक्षा पावणेतीन-तीन मीटर जास्त भरते, तिथे दोन्ही बाजूंचे ठोके एकमेकांना खोडून काढतात. दहा पावले सरकलात तर तोच ठोका पोटात आदळतो. बँड एकच, क्षण एकच, आणि काही पावलांच्या अंतरावर उभ्या दोन मित्रांची मते वेगळी, असे अशा वेळी खुशाल घडते.

त्यात कानाची स्वतःची मर्यादा आहे. 85 डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची मान्य मर्यादा मानली, तर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो आणि 100 डेसिबलला ती फक्त पंधरा मिनिटांवर येते. मेटलचा कार्यक्रम त्याच पातळीवर किंवा त्याच्या वर दीड-दोन तास चालतो. तासाभरात कान बधिर होतो, वरचे स्वर आधी जातात आणि शेवटची, सर्वांत लाडकी गाणी सपाट ऐकू येतात. फोमचे साधे बोळेही कान वाचवतात, मात्र ते वरचे स्वर जास्त कापतात. वादकांसाठी मिळणारे, सर्व स्वर सारखे कमी करणारे इअरप्लग घेतलेत तर गिटार आणि शब्द उलट अधिक स्पष्ट होतात. तरुण मुलांना हे सांगितले की हसतात. पस्तिशीनंतर कानात सतत शिट्टी वाजणारे वादक माझ्या ओळखीत आहेत, ते हसत नाहीत.

वेळेचा मुद्दा थोडक्यात. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही; राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, आणि ते दिवस आपल्याकडे बहुधा गणेशोत्सव-नवरात्राच्या वाट्याला जातात. त्यामुळे आधीच्या बँडने किंवा भाषणाने वेळ खाल्ला की मुख्य बँडची गाणी कापली जातात आणि शिव्या बँडला बसतात. कधी कधी तर बँड मंचावर चढतही नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये मेटॅलिकाचा गुडगावचा कार्यक्रम सुरक्षेच्या कारणावरून आयत्या वेळी रद्द झाला, प्रेक्षकांनी मोडतोड केली आणि आयोजकांवर कारवाई झाली; दोन दिवसांनी, 30 ऑक्टोबरला, तोच बँड बंगळुरूमध्ये ठरल्याप्रमाणे वाजला.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला, पुन्हा तिकीट काढावे का, माझे उत्तर होय असे आहे, पण मंचाला चिकटून असलेल्या महागड्या कठड्यातले नको. तिथे ध्वनिक्षेपक डोक्यावरून पुढे फेकत असतात आणि तुम्हांला मुख्यतः मंचावरचे ड्रम आणि गिटारचे अॅम्प्लिफायर ऐकू येतात. मैदानात मधोमध, मंचासमोर जो तंबू किंवा चौथरा असतो, जिथे मिक्सरवर तंत्रज्ञ बसतो, त्याच्या अलीकडे किंवा अगदी लगत उभे राहा, कारण तो जे ऐकतो त्यावरूनच सगळा आवाज ठरतो. तिथेही गुरगुराटच आला, तर दोष बँडचा किंवा त्यांच्या तंत्रज्ञाचा, आणि तसे बेलाशक म्हणा.

मित्रांच्या बँडसाठी पुढच्या स्नेहसंमेलनाआधी आयोजकांना लेखी कळवा: किती माइक, किती चॅनेल, किमान तीन मॉनिटर, आणि लोक यायच्या आधी दीड तास. डॉल्बीवाल्याला बेसचे निम्मे खोके गाडीतच ठेवायला सांगा. सभागृहाच्या मागच्या भिंतीवर मांडववाल्याकडचे जाड पडदे दुमडून, चुण्या पाडून लावून घ्या. त्याचे भाडे फार नसते. खालच्या घरघरीला त्याचा फारसा उपयोग नाही, पण झांजा, गिटार आणि गळ्याचा मागून परत येणारा गोंधळ त्याने बराच कमी होतो. गिटारवादकाला गेन निम्म्यावर आणून मधला पट्टा वाढवायला सांगा. तो तयार होणार नाही, तेव्हा अॅम्प्लिफायरसमोर गुडघ्यावर बसवा.